पिसाळ सरांनी पाहिलेलं ऑस्लो

पंधरा वर्षं मी जहाजावर नोकरी केली. एवढ्या वर्षांत प्रवाशांनी मला सर्वांत जास्त वेळा काय विचारलं असेल, सांगा बघू? राजवाडा? संग्रहालय? छे. "टॉयलेट कुठे आहे?" कोपनहेगन असो, ऑस्लो असो, स्टॉकहोम असो, माणूस जहाजाचा जिना उतरला की त्याला पहिली चिंता तीच. आणि त्या काळी तिथल्या टॉयलेटच्या दारात तिथलंच नाणं टाकावं लागे, युरो चालत नसे. म्हणून मी माझ्या काउंटरच्या खणात क्रोनरच्या सुट्या नाण्यांची एक पिशवीच ठेवली होती. लोक मला गाइड म्हणत. मी स्वतःला शौचालय-मंत्री म्हणायची.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझी भाषा सांगलीची आणि जीभ त्याहून तिखट. पण काही माणसं सांगायची राहून गेलीत, ती सांगते.

आधी काम काय होतं ते सांगायला हवं. लग्न होऊन मी जर्मनीत कीलला आले. नवरा इथे संशोधन करायचा आणि मी जर्मन शिकत घरात बसले होते. कीलच्या बंदरातून उन्हाळाभर प्रवासी जहाजं सुटतात. त्यांतल्या एकावर 'लांडआउसफ्लुग' म्हणजे किनाऱ्यावरच्या सहलींच्या काउंटरवर मला नोकरी लागली. मे ते सप्टेंबर जहाजावर, उरलेलं वर्ष घरी. आमची नेहमीची फेरी चार दिवसांची. कीलहून ऑस्लो, तिथून कोपनहेगन आणि परत कील.

बंदरात उतरणाऱ्या प्रवाशांच्या दोन जाती. एक आमच्या बसमधून जाणारी. त्यांची काळजी नसते, बस पंक्चर झाली तरी जहाज त्यांच्यासाठी थांबतं. दुसरी जात आपल्या पायांनी फिरणारी. त्यांना मी नकाशा द्यायची, ट्रॅमचा नंबर लिहून द्यायची आणि एकच मंत्र म्हणायची: साडेचारला जहाजावर, पाचला जहाज सुटणार, कुणासाठीही थांबणार नाही. प्रत्येकाच्या गळ्यात जहाजाचं एक कार्ड. उतरताना ते मशीनला लावलं की टुंग्, चढताना लावलं की परत टुंग्. शेवटच्या तासाला मशीन यादी छापतं, कोण कोण अजून आलेलं नाही त्यांची. पावणेपाच झाले तरी कुणी आलं नाही, तर त्याचा पासपोर्ट रिसेप्शनच्या तिजोरीतून काढून पाकिटात घालतात आणि धक्क्यावरच्या एजंटच्या हातात देतात. ते पाकीट मी पंधरा वर्षांत सहा वेळा दिलंय. एकदा तर एक बाई दोन्ही हातांत खरेदीच्या पिशव्या घेऊन धावत आली तेव्हा जहाज धक्क्यापासून दहा हात सुटलं होतं. ती खालून माझ्याकडे बघत होती आणि मी वरून तिच्याकडे. बिचारीला पुढच्या बंदरात विमानाने यावं लागलं.

तऱ्हेवाईक माणसं म्हणाल तर ढिगाने भेटली. रेगेन्सबर्गचे एक निवृत्त फोरमन दरवर्षी यायचे. कुठल्याही शहरात उतरले की पहिली दिसेल ती ट्रॅम पकडून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचे आणि त्याच ट्रॅमने परत. ना राजवाडा, ना काही. मी एकदा विचारलं, शेवटच्या स्टॉपवर असतं काय? म्हणाले, "तिथे लोक राहतात." मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

आणि आपली मंडळी! त्सुफेनहाउझेन नावाच्या जर्मन उपनगरातली आठ मराठी कुटुंबं एकदा एकत्र आली. सगळे सॉफ्टवेअरवाले, मुलंबाळं आणि डबे. कोपनहेगनला ती प्रसिद्ध जलपरी आहे ना, दगडावर बसलेली, तिच्यासमोर यांनी चादर अंथरली आणि मेथीचे ठेपले काढले. एकीच्या सासूबाई पुतळ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "एवढीशीच? आमच्या सोसायटीच्या कारंज्यात याच्यापेक्षा मोठी आहे." आजूबाजूचे जपानी प्रवासी पुतळा सोडून ठेपल्यांचे फोटो काढत होते. मी लांबूनच वळले, कारण गणवेशात असताना मला ठेपला खायची परवानगी नव्हती.

पण मला सांगायचंय ते पिसाळ सरांचं आणि काकूंचं.

ती दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. सर वाईजवळच्या हायस्कुलातून भूगोलाचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा महेश न्युरेम्बर्गला एका मोठ्या कंपनीत इंजिनीअर. सुनेला आठवा महिना होता, म्हणून दोघं सहा महिन्यांसाठी आलेली. बाळ यायच्या आधी आईबाबांनी काहीतरी बघावं म्हणून महेशने आमच्या फेरीची दोन तिकिटं काढली, स्वतः कीलपर्यंत सोडायला आला आणि मराठी बोलणारी बाई काउंटरवर आहे म्हटल्यावर निश्चिंत होऊन परत गेला.

वाचकांना कोड्यात ठेवायचं पाप मला नको, म्हणून आत्ताच सांगून टाकते. सरांना दिसत नव्हतं. काचबिंदू. थोडासा उजेड, समोर कुणी उभं आहे की नाही एवढं कळे, बाकी काही नाही. हे फक्त काकूंना ठाऊक होतं. मुलाला माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं.

आता वाटतं, कसं कळलं नाही मला? त्यांच्या वयाची आपली माणसं बायकोच्या चार पावलं पुढे चालतात. हे दोघं जोडीने चालायची, सरांचा हात काकूंच्या कोपरावर. मला वाटलं, काय प्रेम उतू चाललंय म्हातारपणी! पहिल्याच दिवशी काउंटरवर सरांनी मला विचारलं, "मॅडम, नॉर्वेचा किनारा दंतुर का आहे, सांगा पाहू?" त्यांच्यामागे चाळीस जर्मन रांगेत उभे. मी म्हटलं, "सर, मला परीक्षा द्यायची नाहीये. नकाशा हवाय का?" सर मनापासून हसले. म्हणाले, "तीस वर्षं तो किनारा फळ्यावर हाताने काढलाय. नकाशा हिला द्या."

त्या संध्याकाळी मोठ्या हॉलमध्ये माझं माहितीसत्र होतं. पडद्यावर ऑस्लोची चित्रं, मी माइकवर जर्मनमध्ये बोलतेय. आणि तिसऱ्या रांगेतून सतत कुजबुज. काकू सरांच्या कानाशी लागून अखंड बोलतायत. "आता एक बाग आहे. दगडाची माणसं आहेत, उघडीच की हो सगळी. एक लहान पोर रुसून पाय आपटतंय." मी दोनदा डोळे वटारले. काकूंचं लक्षच नाही. तिसऱ्यांदा मात्र माझा पारा चढला आणि मी माइकवरच, मराठीत, म्हटलं, "काकू, गप्पा नंतर मारा. इथे लोक पैसे देऊन माहिती ऐकायला बसलेत."

मराठी कुणाला कळलं नाही, पण सूर सगळ्यांना कळला. अख्खा हॉल वळून त्यांच्याकडे बघायला लागला. काकूंनी पदर तोंडाला लावला. सर अर्धवट उठून उभे राहिले आणि शाळेत सांगावं तसं म्हणाले, "चूक माझी आहे मॅडम. मीच विचारत होतो." मी पुढची स्लाइड लावली. त्या प्रसंगाची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज ऑस्लोच्या फियोर्डमधून आत शिरत होतं. दोन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये शांत पाणी, सगळे प्रवासी डेकवर. मी मागून जात होते तर काकूंचं चालूच. "डावीकडे डोंगर आहे, आपल्या पांडवगडाएवढा असेल, पण झाडी गच्च. खाली लाल घर, खिडक्या पांढऱ्या. एक बाई कुत्रं घेऊन उभी आहे. हात करतेय. तुम्ही पण करा हात." सरांनी हात केला. उजवीकडे. मी मनात म्हटलं, ही बाई नवऱ्याला सुखाने बघूसुद्धा देत नाही.

शनिवार होता. नऊ वाजता दोघं उतरली. काकूंच्या अंगावर पाचवारी, वरून सुनेचा कोट आणि पायांत महेशने घेऊन दिलेले पांढरे स्पोर्ट्‌स शूज. मी नकाशावर पुतळ्यांच्या बागेची ट्रॅम लिहून दिली. "साडेचार," मी म्हटलं. "हो बाई, साडेचार," काकू म्हणाल्या. टुंग्, टुंग्.

पावणेचारला काकू परत आल्या. एकट्या. त्यांचा दंड धरून एक उंच नॉर्वेजियन बाई आणि पायांत नुसते मोजे, ओले, काळे झालेले. ती बाई मला इंग्रजीत सांगायला लागली, की ह्या आजी एका गल्लीत अनवाणी फिरत होत्या, गळ्यात जहाजाचं कार्ड दिसलं, म्हणून मी गाडीत घालून घेऊन आले, वाटेत फार रडल्या हो. मी तिचे आभार मानले, ती गेली. काकूंचं कार्ड लावलं. एकच टुंग्.

"सर कुठायत?"

"तिथेच आहेत. त्यांना तिथे बसवलंय."

"कुठे तिथे? आणि बूट कुठे गेले तुमचे?"

झालं होतं ते असं. बागेतून परतताना काकूंना ट्रॅममधून लाल विटांचं एक चर्च दिसलं. देवाचं घर आहे, पाया पडून येऊ, म्हणून उतरल्या. आता देवळात जायचं तर चपला बाहेर काढायच्या, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. समोरच्या बाकावर सरांना बसवलं, बूट त्यांच्याजवळ काढून ठेवले आणि "मी आल्याशिवाय हलू नका" म्हणून आत गेल्या. आत हात जोडून डोळे मिटून उभ्या असतानाच बाहेर लग्नाचं वऱ्हाड आलं. कुणीतरी अदबीने काकूंना बाजूच्या दाराने बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. त्या निघाल्या मागच्या गल्लीत. चुकीच्या बाजूला वळल्या, उतार लागला, घरं सगळी सारखी. त्या मराठीतच 'देऊळ, देऊळ' म्हणून रडत होत्या तेवढ्यात ही देवमाणूस बाई भेटली आणि तिने त्यांना उचलून नेमकं जिथे जायचं नव्हतं तिथे आणून सोडलं.

मी म्हटलं, "मग काळजी कसली एवढी? सर शिकलेले आहेत, इंग्रजी येतं. वाट बघतील आणि टॅक्सी करून येतील."

"नाही यायचे."

"का नाही?"

"मी बसा म्हटलंय."

"बसा म्हटलं म्हणून जहाज सुटेपर्यंत बसून राहतील?"

"बसतील. माझे बूट आहेत ना तिथे. मी बुटांसाठी तरी येणार, हे ठाऊक आहे त्यांना."

कर्म माझं! मी आवाज चढवून म्हटलं, "काकू, जहाज बुटांसाठी थांबत नसतं. पाच म्हणजे पाच! त्यांना थोडी तरी शोधाशोध करायला नको? पुरुषासारखा पुरुष, बायको हरवली तरी बाकावर बसून राहतो म्हणजे काय?"

काकूंनी माझा हात धरला आणि मला मशीनपासून बाजूला ओढून नेलं. तिथे मराठी समजणारं चिटपाखरू नव्हतं, तरी त्या कानात बोलल्या. "त्यांना दिसत नाही हो. दोन वर्षं झाली. शपथ घातलीय मला, महेशला सांगायचं नाही म्हणून. आता तुम्हाला सांगितलं. पण त्यांना तिथे सोडू नका."

त्यानंतर मला काय काय आठवलं ते काय सांगू. तो माइक. ते अर्धवट उठून उभं राहणं. उजवीकडे केलेला हात. मला रडू फुटत होतं, आणि घड्याळात तीन पंचावन्न झाले होते.

नियम असा की शेवटच्या तासात आमच्यापैकी कुणी धक्का सोडायचा नाही. प्रवासी राहिला तर पाकीट मिळतं, कर्मचारी राहिला तर नोकरी जाते. माझी वरिष्ठ हाइके, रोस्टॉकची, शिस्तीची कडक. मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, "आल्झो, हे बघ, नियम तुला माहीत आहे." मी म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. प्रवाशांना दाखवायची, जहाज सुटायच्या वेळेची पाटी तिने माझ्या हातातून काढून घेतली. "मी उभी राहते इथे. पाचला जिना उचलतील. तू असलीस तरी आणि नसलीस तरी."

मी काकूंना म्हटलं, तुम्ही वर जा, मी घेऊन येते सरांना. त्या म्हणाल्या, "तुमच्याबरोबर नाही यायचे. न्युरेम्बर्गला एका भल्या माणसाने असंच हात धरून रस्ता ओलांडून दिला आणि मग तासभर सापडले नाहीत. तेव्हापासून ठरलंय, मी आल्याशिवाय उठायचं नाही, कुणी काही म्हणालं तरी." मग काय, परत टुंग् करून दोघी टॅक्सीत.

पण जायचं कुठे? ऑस्लोत लाल विटांची चर्चं काय कमी आहेत? ड्रायव्हर पाकिस्तानी पंजाबी निघाला, वीस वर्षं तिथे राहिलेला. मी काकूंना म्हटलं, हिंदीत सांगा, काय आठवतं ते. आणि काकू बोलायला लागल्या. "भैया, ट्रॅमसे उतरा तो सामने केक का दुकान, उसका पिवळा पडदा. बाजू में सायकल का दुकान, एक सायकल भिंत पे टांगेली. फिर चढ. चढ के ऊपर दो झाड, एक का पत्ता लाल हो गया, एक का नहीं. मनोरा उंच, उसपर कोंबडा, सोने का. और घड्याळ..." एक एक गोष्ट, ओळीने. दिवसभर दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी बघितलेलं सगळं त्यांच्यापाशी जसंच्या तसं होतं. मी त्या शहरात चाळीसेक वेळा उतरले असेन, पण मला केकच्या दुकानाच्या पडद्याचा रंग कुणी विचारला असता तर सांगता आला नसता. ड्रायव्हर म्हणाला, "बस माँजी, समझ गया," आणि गाडी वळवली.

वाटेत रस्ता खणलेला, गर्दी. पोचलो तेव्हा चार पंचवीस.

सर बाकावर ताठ बसले होते, वर्गात बसावं तसे. शेजारी काकूंचे बूट, नाड्या एकमेकींत बांधलेल्या, आणि सरांचा तळवा बुटांवर. मागे चर्चची घंटा वाजत होती. काकू टॅक्सीतून उतरून जवळजवळ धावल्या, पण चार पावलं राहिली तेव्हा थांबल्या. पदराने डोळे पुसले, खाकरून गळा साफ केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, चला."

सरांचा चेहरा उजळला. "आलीस? बराच वेळ चाललं लग्न. मी विचारलं एकाला, तर म्हणाला आत लग्न आहे. म्हटलं मग ही काही लवकर येत नाही. नवरी कशी होती?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळ दाखवणार होते, पण हात वर उचललाच नाही. काकू बाकावर बसून बूट चढवता चढवता सांगायला लागल्या. "उंच होती. नवऱ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. पांढरा पायघोळ झगा, मागे दोन पोरी धरून होत्या. गोरीपान, पण नाकावर वांग आहेत बारीक बारीक. बापाचा हात धरून आली. बाप रडत होता, ती हसत होती." बाजूच्या दाराकडे नेत असताना मागे वळून काकूंनी तिला मुख्य दारातून आत येताना पाहिली असेल, तेवढीच. दार लावून घेणारा माणूस त्यांनी गाळला, मागची गल्ली गाळली.

मी म्हटलं, "सर, चला, उशीर होतोय."

माझा आवाज ऐकला आणि सरांनी मान वळवली. मी तिथे कशाला आले असेन, हे ओळखायला त्यांना क्षणभर लागला असेल. टॅक्सीत बसल्यावर त्यांनी वाकून काकूंच्या पावलाला हात लावला. "मोजे ओले आहेत तुझे," ते म्हणाले. "लागलं का पायाला?" "नाही हो," काकू म्हणाल्या आणि मग मात्र त्यांना हुंदका आवरेना. सर त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ड्रायव्हरने काही न विचारता पिवळ्या सिग्नलला गाडी काढली.

धक्क्यावर पोचलो तेव्हा चार पन्नास. एजंटच्या हातात पाकीट होतं. हाइके जिन्याच्या तोंडाशी पाटी छातीशी धरून उभी होती आणि वेळेआधीच जिना उचलू पाहणाऱ्या खलाशांशी हुज्जत घालत होती. टुंग्, टुंग् आणि तिसरा माझा. हाइके मला एवढंच म्हणाली, "कारण काय लिहायचं फॉर्ममध्ये?" मी लिहिलं, 'बुटांचा घोळ'. तिने वाचलं आणि खाली सही ठोकली.

सहाच्या सुमाराला दोघं काउंटरवर आली. सरांनी माझ्या दिशेने हात जोडले. "मॅडम, तुमची नोकरी पणाला लावलीत. आणखी एक मागतो. महेशला यातलं कळू देऊ नका. कळलं तर तो डॉक्टरांच्या वाऱ्या सुरू करील, रजा काढील. त्याच्या घरी बाळ येतंय. आमच्याकडच्या डॉक्टरांनी तर सांगितलंय, गेलेलं परत येत नाही."

मी आधी माइकवरच्या बोलण्याची माफी मागितली. काकू म्हणाल्या, "असू दे हो, मी बोलतेच जास्त." मग माझ्या स्वभावाप्रमाणे मी तोंडावरच विचारलं, "सर, दिसत नाही तर आलात कशाला एवढ्या लांब?"

सर म्हणाले, "तीस वर्षं नॉर्वे शिकवला. शिकवत होतो तेव्हा तरी कुठे पाहिला होता? पुस्तकात होतं ते सांगायचो. आता हिने सांगितलं. हे पुस्तकापेक्षा पुष्कळ बरं."

गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी म्हटलं, "मी महेशला काही सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. नातवंड उचलाल, जिना उतराल, काकू आंघोळीला गेल्या असतील तेव्हा सून बाळाला तुमच्या मांडीवर देईल. तेव्हा काय कराल?" सरांनी काउंटरच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बघतो." काकू खाली मान घालून उभ्या होत्या. मला वाटलं, आजही मी जरा जास्तच बोलले.

दुसऱ्या दिवशी कोपनहेगनला त्यांच्याबरोबर मी स्वतः उतरले, दोन तासांची सुट्टी मागून. ज्या शहरात मी टॉयलेट, बसथांबे आणि ती जलपरी सोडून काही पाहिलं नव्हतं, तिथे त्या दोघांच्या मागून चालत मी काकूंचं बोलणं ऐकत राहिले. घरांचे रंग, खिडकीतलं मांजर, पुलावर भांडणारी नवराबायको. मध्येच त्या अडल्या की मी पुरवणी जोडायची. सर म्हणायचे, "हं, पुढे?"

कीलला महेश धक्क्यावर आला होता. मी नियमाप्रमाणे जिन्याच्या पायथ्याशी, हाइके माझ्या उजव्या हाताला दोन पावलांवर. सर काकूंच्या कोपराला धरून उतरले. महेशने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "बाबा, बघितलं का सगळं?"

"सगळं," सर म्हणाले. आणि सांगायलाच लागले. लाल घर, पांढऱ्या खिडक्या, कुत्रं घेऊन उभी असलेली बाई. मनोऱ्यावरचा सोन्याचा कोंबडा. नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच नवरी आणि तिच्या नाकावरचे वांग. महेश हसत ऐकत होता. म्हणाला, "बाबा, तुम्ही अजून वर्गात शिकवू शकाल." सर म्हणाले, "महेश, गाडीत बसलो की तुला एक सांगायचंय. आई पुढे बसेल, मी तुझ्या शेजारी नको. मागे बसून सांगतो." काकूंनी पटकन त्यांच्याकडे बघितलं.

निघताना सर वळले. "आणि ह्या मॅडम," ते मुलाला म्हणाले, "ह्यांच्यामुळे सगळं झालं. पहिल्या दिवसापासून तुझी आई मला सांगतेय, काउंटरवरच्या बाईंचा चेहरा फार हसरा आहे म्हणून. खरंच आहे ते. बघ."

पहिल्या दिवसापासून. मी माइकवर खेकसले त्या दिवसापासून. मी काकूंकडे बघितलं, तर त्या पिशवीचा पट्टा नीट करत होत्या.

सर हात जोडून उभे होते. त्यांचं तोंड हाइकेच्या आणि माझ्या मधल्या मोकळ्या जागेकडे होतं. मी एक पाऊल उजवीकडे सरकले, ते बघत होते तिथे जाऊन उभी राहिले, आणि हसले.